चंद्र्याबद्दल मी साहेबांना काय सांगितलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच – ती गेली, तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. तुम्हाला सांगायचं ठरवलंय, तेव्हा सांगणारच. फक्त थोडा वळसा घेऊन येईन. मास्तराची जात, प्रस्तावनेशिवाय धडा सुरू होत नाही.

मी इंग्रजीचा मास्तर. उदगीरजवळच्या एका गावात सगळी नोकरी काढली आणि निवृत्तीनंतर नांदेडला मुलाकडे राहायला आलो. गावात माझा एक धडा फार गाजलेला होता. दोन गोष्टी सारख्याच देखण्या असल्या तर ते इंग्रजीत कसं सांगायचं, याचा धडा. पुस्तकात गुलाब आणि कमळ होतं. आमच्या पोरांनी कमळ कुठं पाहिलं असणार? मी म्हणायचो, गावातलंच घ्या की. दोन इरकली लुगडी घ्या. नाहीतर मल्लप्पाचा चंद्र्या आणि बसवराजचा सोन्या घ्या. ‘चंद्र्या इज ॲज हँडसम ॲज सोन्या’ – म्हणजे चंद्र्या सोन्याइतकाच देखणा. ‘नो लेस हँडसम दॅन सोन्या’ – तसूभरही कमी नाही. ‘इक्वली हँडसम’ – दोघंही सारखेच. अख्खा वर्ग एका सुरात हे घोकायचा आणि खिडकीतून रस्त्यावर ऐकू जायचं. मला या वाक्यांचा मोठा अभिमान होता.

चंद्र्या आणि सोन्या म्हणजे दोन देवणी वळू. अंग पांढरंशुभ्र, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, कान लांब. दोघं एकाच वयाचे, एकाच उंचीचे. शेजारी उभे केले तर गावातला माणूससुद्धा क्षणभर गोंधळायचा.

मल्लप्पा माझा मित्र. गावात नवा आलो तेव्हा मला कुणी खोली देईना, त्यानं आपल्या घरात ठेवून घेतलं. त्याच्या आईच्या हातची भाकरी मी वर्षभर खाल्ली. आणि बसवराज? माझ्या बायकोचा भाऊ. माझी सासुरवाडी त्याच गावातली. सासरी मला मान होता, पण कसा – पंक्तीत शेवटी आठवण येणाऱ्या माणसाला असतो तसा. जावई आहे, पण मास्तर आहे बिचारा, असं काहीतरी.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या, आणि विहिरी मात्र कोरड्या. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. गावात कडबा उरला नव्हता. अशात बातमी आली, की जनावरांचं प्रदर्शन भरणार आणि सरकारी पैदास केंद्रासाठी एक देवणी वळू निवडणार. निवडला जाईल त्याला तिथं चारा, पाणी, डॉक्टर – सगळं. मागं राहील त्याला मालकानं कसं जगवायचं ते मालकानं बघावं. एरवी मल्लप्पानं चंद्र्याला कुणाच्या दावणीला पाठवलं नसतं. त्या साली तो मला म्हणाला, “मास्तर, माझ्यापासून लांब गेला तर जाऊ द्या. पन जगल तरी.”

दोन्ही मालकांबरोबर मीही गेलो. रांगेत शेवटी हेच दोघं उरले. डॉक्टरांनी तपासून दोघांनाही सारखेच गुण दिले आणि ते गाईंच्या रांगेकडे गेले. निवड करणारे साहेब परराज्यातले, नव्या जिल्ह्यात नवेच आलेले, मराठीचं अक्षर येत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, तुम्ही शिक्षक, दोन्ही जनावरं तुमच्या रोजच्या पाहण्यातली. तुम्हाला काय वाटतं?

इथं थांबावंसं वाटतंय. पण थांबणार नाही.

या प्रश्नाचं उत्तर मी किती वर्षं शिकवत होतो? तीन तऱ्हांनी शिकवत होतो. तिन्ही तोंडपाठ. त्यातलं एक म्हटलं असतं तर साहेबांनी चिठ्ठी टाकली असती, आणि जे व्हायचं ते झालं असतं. मी म्हणालो, “चंद्र्या इज गुड, सर. बट नॉट ॲज गुड ॲज सोन्या.” चांगला आहे, पण सोन्याइतका नाही. एवढ्यावरही भागलं नाही. मी पुढं सांगितलं, की चंद्र्या थंडीत मागचा डावा पाय आखडतो, आणि त्याच्या आईलाही तीच खोड होती.

धादांत खोटं. माझ्या मनातून, उभ्या उभ्या रचलेलं.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. प्रामाणिक माणूस आहात, म्हणाले. मल्लप्पा हातभर अंतरावर कासरा धरून उभा होता. मी चंद्र्याचं नाव घेतलं तसा तो माझ्याकडे बघून हसला – आपला माणूस आपल्यासाठी बोलतोय म्हणून.

मग त्यानं विचारलं, “मास्तर, काय म्हनत्यात साहेब?”

मी म्हणालो, “साहेब म्हणतात, दोन्ही सारखेच देखणे. पण एकच घ्यायचा हुकूम आहे.”

“व्हय? सारखेच म्हनले?” त्याचा चेहरा उजळला. त्यानं चंद्र्याच्या मानेवर थाप मारली. “ऐकलं का रं? लई झालं.”

परत येताना त्यानं साहेबांचं ते वाक्य माझ्याकडून इंग्रजीत शिकून घेतलं. गाव येईपर्यंत घोकत होता. मी त्याचे उच्चार सुधारत होतो. हो – तेही केलं मी.

बसवराजनं मला काहीही सांगितलं नव्हतं, हे इथं नीट लिहून ठेवतो. ना त्यानं, ना बायकोनं. सासरच्यांसमोर एकदा मोठं व्हायचं होतं, एवढंच. आणि झालो की. साहेबांनी मला विचारलं आणि सोन्याला निवडलं, एवढं त्यांना पुरलं. त्या दुष्काळातही सासरी गोडाचं जेवण झालं, मला पहिल्या पाटावर बसवलं. मी दोनदा मागून घेतलं.

मल्लप्पानं चंद्र्याला आधी झाडाचा पाला घातला, मग घरावरच्या छपराचं गवत काढून घातलं. उन्हाळा सरण्याआधी त्याला हाळीच्या जनावरांच्या बाजारात न्यावं लागलं. मला म्हणाला, बरोबर चला. मी म्हणालो, पेपर तपासायचेत. ते आदल्या दिवशीच तपासून झाले होते. घेणारा व्यापारी होता. त्या साली व्यापारी जनावरं कशासाठी घेत होते ते सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, ते घरी आणतात. मल्लप्पा नुसतं दावं घेऊन चालत आला. ते त्याच्या ओसरीतल्या खुंटीवर अजून आहे. आल्यागेल्याला तो ते दाखवतो आणि वाक्य म्हणून दाखवतो.

मागच्या महिन्यात तो डोळा दाखवायला नांदेडला आला, आमच्याकडेच उतरला. माझ्या सुनेनं चहा दिला. त्यानं तिला ते वाक्य म्हणून दाखवलं, एकही उच्चार न चुकता. ती म्हणाली, किती छान बोलता काका. तो म्हणाला, “ह्या मास्तरमुळं कळलं, बाई. न्हाईतर जलमभर वाटलं असतं, आपल्या चंद्र्यातच कायतरी कमी हाय.”

मी समोर बसून पेरू कापत होतो. खाली मान घालून फोडी करत राहिलो, खाणाऱ्यांपेक्षा जास्त.

उद्या सकाळच्या गाडीनं गावाकडे निघतोय, लोह्यावरून. सुनेला सांगितलंय, मित्राकडे जातो. ओसरीत, त्या दाव्याखाली बसून मी मल्लप्पाला त्या दिवशीचं माझं इंग्रजी बोलणं जसंच्या तसं ऐकवणार आहे, आणि मग त्याचं मराठी सांगणार आहे. या वेळी खरं मराठी. त्यावर तो काय म्हणेल ते म्हणेल. क्षमा कर असं मी म्हणणार नाही. ते म्हटलं की त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि त्याच्या माथी आणखी काही मारायचा हक्क मला नाही.

तुमच्याकडूनही काही नको. फक्त एवढं लिहून ठेवतो, की चंद्र्याच्या मागच्या डाव्या पायाला काही झालेलं नव्हतं. त्याचे चारही पाय चांगले होते.