रबराच्या झाडाची वाटणी

पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करणाऱ्या या बाईंना सगळी इमारत कात्रीबाई म्हणायची. गळ्यात नाडीला अडकवलेली छोटी कात्री असायची, ती घरी आल्यावरही उतरायची नाही. जिन्यात, दवाखान्याच्या खिडकीत, कुणाच्या दारात एखादं बरं झाड दिसलं की हात आपोआप कात्रीकडे जायचा. "एक फांदी घेऊ का हो?" असं विचारायच्या खऱ्या, पण उत्तर येईपर्यंत फांदी पिशवीत गेलेली असायची. वरच्या मजल्यावरचे मास्तर त्यांना जिन्यात पाहिलं की आत हाक मारायचे, "अगं, कुंड्या आत घे!"

लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना झाडांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या वर्षी मायेनं रोज पाणी घालून त्यांनी तीन झाडं बुडवून मारली. सासरे म्हणाले, "सूनबाई, झाडाला तहान लागू दे की. पाहुण्याला ताटावरून उठल्यावर पुन्हा वाढतेस का?" तेव्हापासून मातीत बोट खुपसून बघायचं आणि कोरडी लागली तरच पाणी, हे ठरलं. मग शिकत गेल्या. मनी प्लांटच्या फांदीला गाठ असेल तरच मुळं फुटतात. स्नेक प्लांटचं पान कापून लावलं तर मूळ धरतं, पण उलटं खोचलं तर नुसतं उभं राहतं, रुसल्यासारखं. खिडकीच्या कट्ट्यावर औषधांच्या रिकाम्या बाटल्या, त्यात पाणी, त्यात फांद्या. नवऱ्याला खोकल्याचं औषध हवं असलं की तो आधी बाटली उजेडात धरून मुळं आहेत का ते बघायचा.

पण घरातलं मोठं झाड त्यांचं नव्हतं. ते सासऱ्यांचं. रबराचं झाड, बैठकीच्या खोलीत खिडकीशी, छताला टेकून वाकलेलं. धाकट्या दिराच्या जन्माच्या वर्षी सासऱ्यांनी ते एवढंसं आणलं होतं. पुढे त्याची पानं ओल्या फडक्यानं पुसायचं काम थोरल्या मुलावर, म्हणजे कात्रीबाईंच्या नवऱ्यावर पडलं, आणि ते त्यानं शाळेत असल्यापासून केलं.

सासरे गेले. दोन वर्षांनी दिरानं शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं. भांडी, कपाटं, अंथरुणं, सगळ्याची वाटणी गोडीनं झाली. झाडापाशी येऊन अडली.

"माझ्या जन्माचं झाड आहे ते," दीर म्हणाला.

"जन्माला येण्यात तुझे काय कष्ट?" थोरला म्हणाला. "पानं कोणी पुसली?"

एवढ्याशा बोलण्यावरून जुनं सगळं वर आलं. कोणाला शिकवलं, कोणाला कामाला लावलं, आजारपणात बाबांपाशी कोण बसलं. दीर दार आपटून गेला, झाडाविना. दोघी जावांचं एकमेकींशी काही बिनसलं नव्हतं, पण नवऱ्यांनी अबोला धरल्यावर त्यांचीही तोंडं आपसूक बंद झाली. फोन नाही, येणंजाणं नाही.

कात्रीबाईंनी नवऱ्याला समजवायचा प्रयत्न केला नाही. दगडावर पाणी घालण्यातला त्यांचा अनुभव दांडगा होता. एका रविवारी त्या स्टुलावर चढल्या. झाडाच्या खोडावर, वरच्या भरगच्च भागाच्या खाली, त्यांनी बोटभर रुंदीची साल गोल सोलून काढली. पांढरा चीक गळू लागला, तो पुसून घेतला. पाण्यात भिजवून पिळलेलं शेवाळ त्या जागी गुंडाळलं, वर प्लास्टिक, आणि दोन्हीकडून पडद्याची दोरी.

नवरा अंघोळ करून आला आणि बघतच राहिला. "काय झालं त्याला? पट्टी का बांधलीस?"

"गुटी बांधलीये. तिथे मुळं फुटतील. मग वरचं कापून वेगळं लावता येतं."

"कापून?" त्याचा आवाज चढला. "बाबांचं झाड कापणार तू?"

"कापलं तरच दोन होतील," त्या म्हणाल्या आणि स्टूल उचलून आत गेल्या.

तो आठवडाभर घुम्यासारखा वागला, पण पट्टी सोडली नाही.

पहिली गुटी कुजली. शेवाळ नीट पिळलं गेलं नव्हतं. सोडून बघितलं तर वास येत होता. कात्रीबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. एकाच खोडाला दोन जखमा करायच्या, आणि दुसरीही चुकली तर? मग ना याला झाड, ना त्याला. तरी त्यांनी थोडं वर पुन्हा बांधली. दोन महिन्यांनी प्लास्टिकमधून बारीक मुळं दिसायला लागली, पांढरी, टोकाला गुलाबीसर. विशेष म्हणजे ती आधी नवऱ्यालाच दिसली. पानं पुसता पुसता त्यानं हाक मारली, "अगं, इकडे ये. आलंय बघ काहीतरी."

मुळं दाट झाल्यावर त्यांनी दिराला फोन केला. "भाऊजी, तुमचं झाड तयार आहे. घेऊन जा."

दीर आला, सोबत धाकटी जाऊ. दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता खोलीत उभे. नवऱ्यानं वरचा भाग हातांनी पेलून धरला, कारण तो पडला तर पानं मोडली असती. कात्रीबाईंनी मुळांच्या खाली करवत चालवली. झाड सुटलं तसं त्याच्या अंगावर आलं, आणि दिराला पुढे होऊन धरावंच लागलं.

"मग यातलं बाबांचं कुठलं?" दिरानं विचारलं.

"दोन्ही," कात्रीबाई म्हणाल्या. "खालचं थांबलं, वरचं निघालं."

मग त्यांनी वरचा भाग कुंडीत लावून दिला. दीर ती छातीशी धरून जिना उतरला. धाकटी मागे रेंगाळली. "ताई, मला त्या लोंबणाऱ्या स्पायडर प्लांटचं एक पिल्लू द्याल?" कात्रीबाईंनी तिला तीन दिली, आणि पोटभर बोलून घेतलं.

मागे उरला नुसता उघडा सोट. "त्याला झाड दिलंस आणि मला काठी," नवरा म्हणाला. रोज तो काठीची चौकशी करायचा, आणि काठी ढिम्म.

महिन्याभरानं संध्याकाळी फोन वाजला. कात्रीबाई पडद्याला चुण्या घालत होत्या, तोंडात टाचण्या धरलेल्या. पलीकडून दीर घाबराघुबरा होऊन म्हणाला, "वहिनी, पानं गळतायत. चार गेली. मरतंय का ते?"

टाचण्या काढायला कितीसा वेळ लागतो? पण त्यांनी तशाच "हूं हूं" करत फोन नवऱ्याच्या हातात दिला.

नवऱ्यानं फोन कानाला लावला. मग म्हणाला, "कुठे ठेवलंयस?... कोपऱ्यात? अरे, तिथे उजेड कुठे असणार! खिडकीशी घे. आणि पाणी घालू नकोस सारखं. बोट घालून बघ आधी." पलीकडचं ऐकून घेतलं. "जागा बदलली की रुसतं ते. येईल नवीन पान. घाबरू नकोस."

फोन ठेवून तो खुर्चीत बसला. कात्रीबाईंनी शिवण थांबवली नाही.

जुन्या गोष्टींचा हिशेब दोघा भावांनी पुढे कधी मांडला नाही, मिटवलाही नाही. पण रविवारी फोन होऊ लागला. सुरुवातीला पानांपुरता, मग गुडघेदुखीपर्यंत, मग मुलांपर्यंत. काठीला यथावकाश दोन फांद्या फुटल्या आणि नवऱ्यानं ती बातमी दिराला सांगताना आवाज एवढा चढवला, की वरचे मास्तर काय झालं म्हणून खाली आले. कात्रीबाईंनी त्यांना आत बसवलं, चहा ठेवला.