फुलाफुलांचा पडदा

माधवनगरात ईमेल नवा होता तेव्हा बाजारातल्या एका शिंपीणबाईंनी दुकानात अर्ध्या तासाच्या भाड्याने वापरायला कॉम्प्युटर ठेवला. जागा नव्हती, म्हणून तो कपडे घालून बघायच्या कोपऱ्यात, फुलाफुलांच्या पडद्याआड बसला. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही, सगळे बाईच म्हणत. गिऱ्हाइकाची वेळ संपली तरी त्या पडदा सारत नसत. बाहेरून हळूच खाकरत आणि पुन्हा शिलाई मशीन चालवत.

एकदा मी पुण्याच्या मैत्रिणीला लिहीत होते, की घरच्यांनी ठरवलेलं स्थळ मला नकोय. घरात हे बोलायची सोय नव्हती. तेवढ्यात बाहेर माझ्या काकांचा आवाज आला, "काय लिहितेय ती? बघू द्या जरा."

माझी बोटं जागच्या जागी थांबली. मशीनही थांबलं.

"आवं दादा, हितं पोरी कपडे बदलत्यात तवा पडदा सारून बघता व्हय तुमी?" बाई म्हणाल्या. "मग आत्ताबी बघायचं न्हाई."

काकांच्या चपलांचा आवाज लांब गेला आणि मशीन पुन्हा सुरू झालं. मी सगळं लिहिलं, आईलाही कधी सांगितलं नव्हतं ते. माझा अर्धा तास केव्हाच उलटून गेला होता.

बाई खाकरल्या नाहीत.