बर्फात जपलेली पांढरी पूड

इतक्या वर्षांनीही मुरारच्या पोलीस ठाण्यातलं ते प्रकरण मनातून गेलेलं नाही. आमच्या राज्यातून छत्तीसगड नुकतंच वेगळं झालं होतं. पोलीस दलाचीही वाटणी चालू होती. मी अधिकारी होतो त्या ठाण्यात माणसं कमी, कामं दुप्पट. अशात एका सकाळी निनावी फोन आला. एक पत्ता सांगून तो माणूस म्हणाला, "मॅडम के फ्रिज में नशे का पाउडर है. बर्फवाले खाने में, मटर की थैली के नीचे."

दिलेल्या पत्त्यावर एक मराठी बाई राहत होत्या, एका प्रयोगशाळेत संशोधन सहायक. महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन झडती घेतली. बाटली नेमकी मटारखालीच मिळाली. आत पांढरी पूड.

ठाण्यात बाई ताठ बसल्या. "साहेब, नशा नाही ती. अमिनो आम्लापासून मी बनवलेलं संयुग आहे. प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमचं काम ते थांबवतं. काल लॅबचा फ्रीझर बिघडला, म्हणून आमच्या प्राध्यापक सरांना विचारून घरी आणलं." मग त्या पुढे झुकल्या. "मला हवं तितकं बसवून ठेवा, पण बाटली बर्फात ठेवा. दोन वर्षांची मेहनत आहे."

मी लगेच बर्फ मागवला. तपासणीच्या किटमध्ये पूड घालून पाहिली, तर नशेचा पदार्थ असल्यावर येतो तो रंग आला नाही. वरिष्ठ म्हणाले, "किट जुनं असेल. अटक दाखवा."

अशा गुन्ह्यात जामीन कठीण. बाईंची नोकरी तर गेलीच असती. मी म्हणालो, "आजचा दिवस द्या, सर."

त्यांच्या प्राध्यापकांनी बाईंचं म्हणणं खरं असल्याचा जबाब दिला. तरी एक गोष्ट मला सोडत नव्हती. मी बाईंना विचारलं, "बाटली मटारखाली आहे, हे कोणाला माहीत होतं?"

"लॅबमधल्या माझ्या सहकाऱ्याला. काल तो सोबत घरी आला होता. त्यानंच तर ठेवली."

सहकाऱ्याला बोलावलं. "मी तर दारातूनच परतलो," तो म्हणाला. मी बाईंना त्याच्यासमोर आणून बसवलं. त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्यानं मान खाली घातली. "लॅबमध्ये आम्हा दोघांत पोस्ट एकच राहणार होती, साहेब. फोन मीच केला. गलती हो गई."

खोटी खबर दिल्याबद्दल त्याच्यावर कारवाई झाली. नमुना काढून घेऊन, न्यायालयाच्या आदेशानं बाटली परत दिली. तोवर आमचे शिपाई रोज बर्फ बदलत होते. बाईंनी सही केली आणि थेट प्रयोगशाळा गाठली.

संशयित स्वतःला वाचवायला काय बोलतो, ते आम्ही कान देऊन ऐकत असू. त्याला आणखी काय वाचवायचं आहे, हे विचारायला मी त्या दिवसापासून लागलो.