ओल्ड एअरपोर्टचा कॅचर

माझ्या मेहुण्याएवढा अडेल माणूस अख्ख्या दोह्यात नव्हता, आणि तीस वर्षं एसी दुरुस्त करत मी इथली बरीच घरं आतून पाहिलीत. त्या शेवटच्या संध्याकाळी ओल्ड एअरपोर्ट भागातल्या माझ्या घरात आम्ही दोघं मेथी निवडत बसलो होतो. तो देठासकट टाकत होता, मी काढत होतो आणि शिव्या घालत होतो.

हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, राहायला माझ्याच वरच्या मजल्यावर. गावची सगळी पोरं क्रिकेट खेळत तेव्हा हा बेसबॉल खेळला. राज्याकडून खेळला, मग तैवानच्या एका क्लबानं त्याला पगार देऊन नेलं. काम कॅचरचं. बॉल फेकणाऱ्यासमोर उकिडवं बसायचं आणि येईल ते झेलायचं. दोन वर्षांत गुडघे गेले, मग इथं येऊन स्टोअरकीपर झाला. ऐट तेवढी राहिली. दर शुक्रवारी ग्लोव्हला खोबरेल चोळायचा. बहीण म्हणायची, डोक्याला लाव, तिथं जास्त गरज आहे. जेवताना बोलायचा नाही, कॅचर खुणा करतो तशी मांडीशी बोटं दाखवायचा. एक म्हणजे भात, दोन म्हणजे लोणचं. हिला सगळं कळायचं, मला आजही कळत नाही. वर्ल्डकप जवळ आला, शहरभर फुटबॉलची चित्रं लागली, तर हा तैवानची टोपी घालून मुद्दाम त्यांच्यासमोरून हिंडायचा. "हात असून वापरायचे नाहीत, तो कसला खेळ, दाजी?"

ही गेली तेव्हा लोक समजूत घालायला यायचे. सामन्यात बॉल फेकणाऱ्याचा हात छान लागलेला असला की मध्येच त्याच्याशी कुणी बोलत नाही, हा म्हणे त्यांचा रिवाज. तो यानं माझ्या दुःखाला लावला. दारात बसून एकेकाला सांगायचा, चहा घ्या आणि निघा.

मग मालकाची नोटीस आली. वर्ल्डकपच्या पाहुण्यांसाठी घरं हवीत, खाली करा. हिचं वर्षश्राद्ध तीन महिन्यांवर होतं. मी सांगितलं, ते याच घरात घालीन, मग काय ते करा. मालकाचा माणूस रोज येई, मी रोज तेच सांगे. मेथी निवडताना मेहुण्याला म्हणालो, उद्या तो कुलूप घेऊन येणार आहे, मी दारात आडवा पडतो.

त्यानं हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाला, "आमच्यात एक चाल असते, दाजी. मारणारा मुद्दाम हलकं मारतो आणि स्वतः आऊट होतो. तेवढ्यात धावणारा सुखरूप पुढं सरकतो."

मी म्हटलं, तुझा खेळ घाल चुलीत, भाजी फोडणीला टाक.

सकाळी बेल वाजली. मी पाना घेऊनच दार उघडलं. मालकाचा माणूस माझ्याकडं न बघता जिना चढून वर गेला. थोड्या वेळानं मेहुणा बॅग घेऊन खाली आला. त्याचं घर रस्त्याकडचं, माझ्याहून मोठं, आणि करारही अजून बाकी. ते आज सोडतो, पण खालच्या घराला तीन महिने हात लावायचा नाही, असं त्यानं मालकाकडून लिहून घेतलं होतं. स्वतःसाठी शहराबाहेर लांब समैस्म्याला कामगारांच्या खोलीत एक खाट बघितली होती.

मी भांड भांड भांडलो. त्यानं कागद माझ्या खिशात कोंबला, आत गेला, बहिणीच्या फोटोसमोर उभा राहिला. "वर्षाला येतो, ताई," एवढंच म्हणाला. बॅग मी उचलायला गेलो तर उचलू दिली नाही.