लेकीच्या घरचं पाणी

तापीच्या खोऱ्यात राहून जन्मभर तहानलेला राहिलेला माणूस पाहायचा असेल, तर माझ्या व्याह्यांना पाहा. लेक दिली त्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा रिवाज आमच्याकडे पुष्कळ जण पाळतात, आणि नातवंड झालं की गुपचूप सोडूनही देतात. व्याह्यांनी सोडला तर नाहीच, उलट वाढवला. आधी फक्त माझं घर वर्ज्य होतं, मग आमचा सगळा सिंधीपुरा मोहल्ला, आणि नात झाल्यावर अख्खं बऱ्हाणपूर. त्यांच्या गावाहून, तुकईथडहून येताना आपल्या विहिरीचं पाणी पांढऱ्या कॅनमध्ये भरून आणतात. एकदा कॅन बसमध्ये राहिला आणि माझ्या घरी सत्यनारायणाला त्यांना उचकी लागली. लोकांनी कथा सोडून उचक्याच ऐकल्या, पण तीर्थसुद्धा त्यांनी डोळ्यांना लावून खाली ठेवलं. आमच्या हिने टरबुजाची फोड पुढे केली, तर म्हणाले, "विहीणबाई, याच्यात काय केळं भरलं आहे? पाणीच आहे ना!"

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पाहुण्याला एकदा विचारतो, दुसऱ्यांदा नाही. ते एकदा नाही म्हणायचे. त्यामुळे आमचं छान जमत होतं.

होळीनंतरच्या शनिवार-रविवारी मुलगा इंदूरहून सूनबाईला आणि चार वर्षांच्या पिहूला घेऊन आला. दोन दिवसांत पोरीला सगळं बऱ्हाणपूर दाखवायचं असा बेत व्याह्यांनी केला आणि शनिवारी उजाडताच कॅन घेऊन ते दारात उभे राहिले. किल्ला झाला, बाजार झाला. पिहूने मावा जिलेबीचा तुकडा स्वतःच्या हाताने त्यांच्या तोंडाशी नेला, तर यांनी तोंड फिरवलं. पोर रडली. सूनबाई भर बाजारात म्हणाली, "बाबा, माझ्या मुलीच्या हातचंसुद्धा नाही? मग मी तुमची कोण?" संध्याकाळी घाटावर व्याह्यांनीच पोरीला समजावून महादेवापाशी नेलं आणि शिकवलं, "पाणी घालायचं तर हात राखायचा नाही. पूरं घालायचं."

रविवारी असीरगड. गाडी खाली ठेवून आम्ही पायऱ्या चढलो. ऊन असं की दगडावर पाय ठेववत नव्हता. वर चिटपाखरू नाही, पाण्याची टपरी नाही. व्याह्यांनी वाटेत थेंब घेतला नव्हता. परतीला पुरवायचं म्हणून कॅन राखून ठेवलेला. देवळाशी पोहोचल्यावर ते सावलीला टेकले, आणि आत पिहूने कालचा धडा गिरवला. दोन्ही हातांनी कॅन ओढत नेला आणि सगळा महादेवावर पालथा केला. हात राखला नाही.

रिकामा कॅन पाहून व्याही हसले. "पुण्य लागलं तुले, बेटा." ते उठायला गेले, तेव्हा त्यांचा तोल गेला.

मुलाने धरून बसवलं. ओठ पांढरे, अंगाला घाम नाही. मुलगा आमची बाटली पुढे करून त्यांना म्हणाला, "पापाजी, जिद्द सोडा, थोडं पिऊन घ्या."

"हे तुमच्या घरून भरलेलं आहे. मी नाही पेणार. खाली उतरून इकत घेऊ."

"उतरणार कसे? चक्कर आली ना तुम्हाला!" सूनबाईचा आवाज फुटला. "बाबा, मी पाया पडते."

व्याह्यांनी डोळे मिटले.

मी म्हणालो, "व्याही, पाणी घ्या." त्यांनी हाताने बाटली दूर सारली. मग माझ्या उभ्या आयुष्यात मी जे केलं नव्हतं ते केलं. दुसऱ्यांदा म्हणालो, "घ्या हो, माझं ऐका."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही दोनदा म्हणता म्हणजे माझं काही खरं दिसत नाही," ते पुटपुटले, पण मान हलवली ती नाहीचीच.

आमचा हा वाद चालू असताना पिहू त्यांच्या मागच्या दगडावर कधी चढली, कळलं नाही. तिच्या गळ्यात हत्तीचं चित्र असलेली निळी बाटली होती. तिने झाकण काढलं आणि "महादेवबाबा, अंघोळ!" म्हणत ती आपल्या आजोबांच्या टकलावर ओतली. पाणी कपाळावरून उतरलं, मिशीत थांबलं आणि तिथून ओठांत गेलं. त्यांची जीभ हळूच बाहेर आली, मिशीवरून फिरून आत गेली.

"अजून आहे का गं?" त्यांनी विचारलं.

उरलेली बाटली ते गटागटा प्यायले. सूनबाई त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडत होती. उतरताना मला म्हणाले, "हे तुमच्या घरचं नाही हं. हे पोरीचं."

मी वाद घातला नाही.

पिहू इंदूरला जाताना ती बाटली माझ्याकडे ठेवून गेली. "दादाजी, नानाजींना यातच द्यायचं." आता व्याही बाजाराच्या दिवशी येतात, कॅनसह. मी निळी बाटली भरून पुढे ठेवतो. हत्तीचं चित्र पुसत आलं आहे, सोंड तेवढी उरली आहे.

"कोणाची?" ते दर वेळी विचारतात.

"पिहूची," मी सांगतो.

मग ते दोन घोट घेतात, झाकण घट्ट लावतात आणि बाटली माझ्याकडे सरकवतात. "बाकी राहू द्या. आली तर लागेल तिले."

ती आता दिवाळीपर्यंत येणार नाही, हे त्यांना माहीत आहे. मलाही आहे. तरी ते गल्लीच्या वळणावरून दिसेनासे होईपर्यंत मी ते पाणी ओतून देत नाही.