आज्यांची नावं गाणारी आत्या

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी केडगावच्या घराच्या गच्चीवर गव्हाला ऊन दाखवत होते. फोनवर तिची धाकटी जाऊ वत्सलाबाई होती. "शेवंता गेली, बाय," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हटलं आणि पुन्हा गहू पसरायला लागले... चार ओंजळी पसरल्यावर रडू फुटलं. त्याला आता सहा आठवडे झाले. तिच्यावर रडगाणं लिहिलं असतं तर तिनं मला सोडलं नसतं, म्हणून नीटच लिहिते.

शेवंताआत्या माझ्या वडिलांची बहीण. जामखेडजवळच्या तिच्या सासरच्या बौद्धवाड्यात कुणाचंही बारसं असलं की पाळणा तीच म्हणायची, आणि दर वेळी नवा रचायची. त्यात बाळाची आई, आईची आई, तिची आई अशी बायकांची नावं ओवलेली असत. सातबाऱ्यावर बापाचं नाव, शाळेच्या दाखल्यावर बापाचं; पणजीचं नाव गावात फक्त आत्याच्या तोंडी उरलेलं. माझ्या बारशाला तिनं गायलेलं मला आईनं सांगितलं होतं:

"कौसाची लेक सगुना, सगुनाची लेक सरू,
सरूच्या मांडीवर आलं सोन्याचं पाखरू."

सरू म्हणजे माझी आई. गावातल्या बागायतदारांच्या घरूनही आत्याला बोलावणं यायचं. आधी तिला अंगणात बसून गायला सांगत, तेव्हा ती सरळ नाही म्हणाली. पाळण्याशेजारी पाट मांडला गेला तेव्हाच गेली, आणि त्यांच्याही आज्या-पणज्या तिनं तोंडपाठ करून टाकल्या.

एकदा पुण्याहून दोन मुली आल्या, जुनी गाणी जपण्याच्या कामाला. माइक लावून म्हणाल्या, "आजी, एखादा पाळणा म्हणा ना." आत्यानं इकडंतिकडं पाहिलं. "बाळ कुठंय?" बाळ नव्हतंच. "मंग कुनासाठी म्हनू?" त्यांना चहा पाजला, आणि पुढच्या बारशाला या म्हणून सांगितलं. मला तेव्हा तिचा रागच आला होता. मी जन्मभर शाळेत शिकवलेली बाई. जपायचं म्हणजे उतरवून ठेवायचं, असं माझं साधं गणित.

त्या गणितानं माझी चांगलीच फजिती केली. माझ्या लेकीच्या मुलीचं बारसं झालं तेव्हा मी आत्याचा पाळणा चोरून मोबाईलवर घेतला. पुढं जर्मनीत माझ्या मुलाला मुलगा झाला. आत्याला इतक्या लांब कोण नेणार, म्हणून मी तीच फीत पाठवून दिली. त्यांनी ती बारशाला हौसेनं लावली. संध्याकाळी मुलाचा फोन, हसू आवरत नव्हतं. "आई, आमचं बाळ ताईच्या पोटी घातलंस की!" सून आना हिचं, तिच्या आईचं, कुणाचंच नाव त्यात नव्हतं.

आत्याला हे कळलं तेव्हा ती मात्र हसली नाही. "त्या पोरीच्या आज्या मेल्या का गं? फोन लाव." आनाच्या माहेरच्या बायकांची नावं तिनं तीन-तीनदा म्हणवून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी मोबाईलसमोर बसून गायली:

"हिल्डाची लेक मार्टा, मार्टाची लेक आना,
आनाच्या घरी आला जामखेडचा पाव्हना."

तिकडे मार्टाबाई आपल्या आईचं नाव ऐकून रडल्या. आपली बोली, आपली रीत जगाच्या रेट्यात टिकेल का, म्हणून भाषणं करणाऱ्यांना मी हे हटकून सांगते. आत्याला त्या रेट्याची भीती कधी वाटली नाही. तिनं जर्मनीच पाळण्यात बसवली.

पण एक गोष्ट मला खुपत राहिली. आत्याला मूल नव्हतं, म्हणजे तिचं नाव कुणाच्याच पाळण्यात येणार नव्हतं. मी एकदा विचारलंही. "माजं कोन घील? पोटच्या वळीतलंच नाव घ्यायचं, आसा नेम हाय," ती म्हणाली आणि शेंगा फोडत राहिली. तेव्हाच तिच्याशी भांडायला हवं होतं.

गेल्या रविवारी वाड्यातल्या पूजाच्या मुलीचं बारसं झालं. पाळणा म्हणायला कुणीच पुढं येईना, तेव्हा वत्सलाबाईनं मला ढकललं. माझा आवाज फाटका, तरी आदल्या दिवशी नावं विचारून घेतली होती. काशी, लता, पूजा अशी ओळ झाली आणि मी थांबले नाही:

"पूजाची लेक आली, तिला झोका द्या गं जरा,
शेवंताच्या गळ्यातून आज्या आल्या घरा."

बायका चपापल्या. वत्सलाबाई म्हणाली, "शेवंता हिची कोन लागती? नेम मोडला तुमी."

पाळण्याजवळ बसलेली पूजा मान वर न करता म्हणाली, "आईच्या आईचं नाव काशी हुतं, ते मला कुनी सांगितलं? लागती ती. ऱ्हाऊ द्या."

वत्सलाबाईनं पाळण्याची दोरी माझ्या हातातून घेतली आणि आपल्या जावेचं नाव घेऊन ती ओळ पुन्हा म्हटली, माझ्यापेक्षा कितीतरी सुरात.