स्नेहलचा कर्सर

मंडळी, आज दुपारी मी स्नेहलला आमच्या रिसर्च पेपरमधून काढलं.

ऑनलाइन एडिटरवर आम्ही तिघी एकाच फाईलमध्ये लिहायचो. तो वापरायला तिनेच शिकवलेलं. वडील आजारी पडले, तिचं कॉलेज सुटलं. आता कॅम्प तीन भागातल्या जीन्सच्या कारखान्यात कामाला आहे. तरी जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर आमची समीकरणं नीट करायची.

फुकटच्या अकाउंटवर तिघींनाच जागा. आमच्या गाईड मॅडम म्हणाल्या, "तिच्याऐवजी नवी मुलगी घे."

मी 'रिमूव्ह' दाबलं तेव्हा तिचा हिरवा कर्सर माझ्याच ओळीवर लुकलुकत होता. गेला.

लगेच मेसेज आला, "अगं, फाईल उघडत नाहीये. माझं नेट गंडलंय का?"

मी लिहिलं, "हो गं, नेटच असेल."

आत्ता परत विचारतेय, "आता बघू का?"

काय सांगू तिला?